पोरांच्या हाती कणकेचा गोळा द्या



या सदरात एरवी आपण बी-बियाणे, खते, जनावरे यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. घरातल्या तीन ते सात वर्षांच्या पोरांना सोबत घेऊन चुलीवर बिस्किटे कशी भाजावीत, कणकेचे बैल आणि चिमण्या कशा कराव्यात, हे आज सांगणार आहे. ‘शेतीच्या साहेबांना हे कुठले सुचले?’ असे कोणी म्हणेल. म्हणून जे घडले ते आधी सांगतो. त्यात चूक माझी होती, तेही सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पेरणीचे दिवस तोंडावर आले होते. मी एका वाडीवर मक्याच्या बियाण्याची माहिती द्यायला गेलो होतो. संकरित मक्याचे बी कंपनीकडूनच औषध लावून येते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो. बी दाखवण्यासाठी मी पिशवी फोडली, बोलणे झाले आणि ती तशीच उघडी ओसरीवर ठेवून चहाला बसलो.

आत घरची सून भाकरी थापत होती. चार वर्षांची लेक तिच्याजवळ जाऊन ‘मला पण पीठ दे’ म्हणून हट्ट करीत होती. पाऊस पडायच्या आत शेतावर पोचायचे होते. सुनेने तिला ‘बाहेर खेळ जा’ म्हणून बाहेर धाडले. पोरगी बाहेर आली. तिने आपली भातुकलीची बोळकी मांडली आणि माझ्या पिशवीतले गुलाबी दाणे त्यांत भरले. मग एक बोळके माझ्यापुढे धरून म्हणाली, “घ्या, साखरफुटाणे.” दुसऱ्या हातातले दाणे ती तोंडाकडे नेत होती. आजी शेजारीच बसली होती, तिने हात धरला म्हणून निभावले. पोरीचे हात साबणाने दोनदा धुतले, बोळकी मातीत पुरली. मी मात्र त्या चहाचा घोट गिळू शकलो नाही. पस्तीस घरांना ‘बियाणे पोरांच्या हाताला लागू देऊ नका’ असे सांगत फिरणारा मी, पिशवी उघडी ठेवणाराही मीच.

आजी म्हणाली ते अजून कानात आहे. “साहेब, चुकलं तुमचं, पण आमचंबी चुकलं. तिला कणकेचा गोळा दिला असता, तर ती तुमच्या पिशवीकडं गेलीच नसती.”

मंडळी, आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. मोठ्यांचे हात जे करतात, ते पोराला करायचे असते. चुलीपासून हाकलले म्हणजे त्याचा खेळ थांबत नाही, तो दुसरीकडे जातो. शेतकऱ्याच्या घरात ‘दुसरीकडे’ म्हणजे बियाण्याची पिशवी, खताचे पोते, फवारणीचा डबा. तेव्हा खेळ आपल्या नजरेसमोर, खाण्याच्या वस्तूंचाच झालेला बरा.

हे काही नवे नाही

आपल्या घरांत हा खेळ जुनाच आहे. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला कणकेचे गोड दिवे उकडतात. नागपंचमीला अनेक घरी तवा चढवत नाहीत, मग पुरणाची दिंडे उकडतात. उन्हाळ्यात लग्नसराईच्या आधी बायका गव्हले, मालत्या, नखुले वळायला बसत आणि पोरीबाळी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत. गव्हल्याएवढा बारीक दाणा चिमटीने वळायचा म्हणजे बोटांना केवढे वळण लागते! पुढे पेन्सिल धरणारी बोटे तीच. अंगणवाडीतल्या ताई मुलांना मातीचा गोळा देतात, तो याचसाठी.

भाजण्याचेही तसेच. भट्टी नाही म्हणून अडायचे कारण नाही. खान्देशात बट्ट्या आणि वऱ्हाडात रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात, म्हणजे खालून आणि वरून दोन्हीकडून आच लागते. शहरातली भट्टी हेच करते.

पातेल्याची भट्टी

जाड बुडाचे एखादे जुने पातेले घ्यावे. पातळ बुडाचे किंवा काळा लेप असलेले घेऊ नये. त्यात दोन बोटे उंचीचा वाळूचा थर द्यावा. वाळू चाळलेली, धुतलेली आणि उन्हात खडखडीत वाळवलेली हवी. वाळू नसेल तर जाडे मीठ चालते. हे मीठ पुन्हापुन्हा भाजायलाच वापरावे, स्वयंपाकात घेऊ नये. वाळूवर लहान अडणी किंवा पालथी वाटी ठेवावी आणि तिच्यावर तूप लावलेली ताटली बसवावी. ताटली पातेल्याच्या कडांना चिकटून बसू नये, चहूबाजूंनी बोटभर जागा असावी. वर घट्ट झाकण ठेवावे. वाळू तापायला वेळ लावते, पण एकदा तापली की आच सारखी धरून ठेवते. म्हणून बिस्किटे एका बाजूने जळून दुसऱ्या बाजूने कच्ची राहत नाहीत.

पातेले रिकामेच झाकून मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटे तापवावे. पुरेसे तापले की नाही हे पाहायला ताटलीवर चिमूटभर पीठ टाकावे. दोन-तीन मिनिटांत ते बदामी झाले तर आच बरोबर. लगेच काळे पडले तर लाकडे मागे ओढावीत. गॅस असेल तर बारीक करावा. चुलीवर करणार असाल तर झाकणावर चार निखारे ठेवावेत. वरूनही रंग चांगला येतो.

नाचणीची नानकटाई

नाचणीला काही भागात नागली म्हणतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या पोराच्या हाडांना ते हवे असते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरात नाचणीची बिस्किटे महागड्या डब्यांत विकायला आली. नाचणी पिकवणाऱ्याच्या घरी ती का होऊ नयेत?

साहित्य असे: नाचणीचे पीठ १ वाटी, कणीक १ वाटी, थिजलेले तूप पाऊण वाटी, पिठीसाखर पाऊण वाटी, दही १ चमचा, खायचा सोडा दोन चिमटी, वेलचीपूड, चिमूटभर मीठ. लागल्यास एक-दोन चमचे दूध.

नाचणीचे पीठ आधी मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून गार करावे. तूप आणि साखर परातीत तळहाताने फेसावी. रंग पांढुरका झाला आणि हाताला हलके लागू लागले की दही व सोडा घालावा. दह्याच्या आंबटपणाने सोडा फसफसतो, आणि त्याच बुडबुड्यांनी नानकटाई खुसखुशीत होते. पोराला हे जवळून बघू द्यावे, त्याला फार गंमत वाटते. मग पिठे घालून हलक्या हाताने गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. लिंबाएवढे गोळे करून चपटे करावेत आणि प्रत्येकात पोराने बोटाने एक खड्डा पाडावा. ताटलीत गोळ्यांमध्ये दोन बोटे अंतर ठेवून मांडावेत. पंधरा ते वीस मिनिटांत भाजून होतात. एवढ्या साहित्यात वीस-बावीस होतात, म्हणजे ताटलीच्या आकाराप्रमाणे दोन-तीन घाणे.

काढताना त्या मऊच असतात. ‘कच्च्या राहिल्या’ म्हणून पुन्हा भाजायला ठेवू नयेत, गार झाल्यावर आपोआप कडक होतात. आमच्या घरी पहिल्या खेपेला हीच चूक झाली आणि दुसरी म्हणजे मी पीठ पाच मिनिटे जोर लावून मळले. नातेवाईक मंडळी आलेली. एकाने नानकटाई चहात बुडवली, दुसऱ्याने पाट्यावर आपटून पाहिली. गव्हात चिकट द्रव्य असते, ते मळल्याने ताठ होते. पोळीला ते हवे, बिस्किटाला नको. तूप वितळलेले घेतले तर नानकटाई पसरते. वर भेगा पडल्या तर घाबरू नये, नानकटाईला त्या शोभतात.

गूळ-कणकेचे बैल आणि चिमण्या

आकार करायचे तर नानकटाईचे पीठ उपयोगाचे नाही. सोड्याने ते फुगते, तुपाने पसरते, आणि बैलाची म्हैस होते. त्यासाठी ही कणीक करावी.

कणीक २ वाट्या, चिरलेला गूळ अर्धी वाटी, तेल किंवा तूप ३ चमचे, तीळ १ चमचा, चिमूटभर मीठ. गूळ पाव वाटीहून थोड्या जास्त गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे खडे निघतात. पाणी कोमट झाल्यावर लागेल तसे थोडे थोडे घालत घट्ट कणीक भिजवावी, एकदम ओतू नये. पंधरा मिनिटे झाकून ठेवावी. निम्मी कणीक आणि निम्मी नाचणी घेतली तरी चालते. नुसत्या नाचणीचा किंवा ज्वारीचा बैल मात्र उभा राहत नाही, कारण त्या पिठांत गव्हाचा चिकटपणा नसतो. म्हणून तर ज्वारीची भाकरी आपण गरम पाण्यात मळतो.

आता पोरांना करू द्या. चिमणी करायची तर एक गोळा लांबट करून एका टोकाला चोच ओढावी, दुसऱ्या टोकाला शेपूट चपटी करावी, डोळ्याच्या जागी तीळ दाबावा. पोळ्याच्या सुमारास बैल करावेत. शिंगे फार बारीक नकोत, ती आधी जळतात. काट्या-चमच्याने झूल काढता येते. पेल्याच्या काठाने चंद्र कापता येतो. कोणताही आकार करंगळीपेक्षा जाड नको, नाही तर वरून लाल आणि आतून कच्चा राहतो. त्याच पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटे भाजावे, मध्ये एकदा उलटावे. काडी खुपसून पाहावी, कोरडी निघाली की झाले.

रंग हवा असेल तर थोड्या कणकेत हळद, थोडीत पालकाचा रस, थोडीत बिटाचा रस घालावा. बिटाचा रंग भाजल्यावर विटकरी होतो, हळद टिकते. एक गंमत करून दाखवा. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, पिवळे पाणी लालसर होते. त्यात लिंबू पिळा, पुन्हा पिवळे होते. शाळेत हीच गोष्ट आम्ल आणि अल्क म्हणून शिकवतात. पोराने ती घरीच पाहिलेली असेल.

वेळ कुठे आहे?

सभेत हे सांगितले की एखादी ताई उठून म्हणतेच, “साहेब, पहाटे चारला उठते, रात्री दहाला पाठ टेकते. खेळ कधी मांडू?” तिचे खरे आहे. नानकटाई रोज करायची नाहीच. पावसाची झड लागून शेतातले काम बंद असते त्या दिवशी करावी, सणाच्या आदल्या दिवशी करावी. गूळ असो की साखर, गोड ते गोडच, तेव्हा रोज नकोच.

रोजच्या दिवसासाठी सोपी युक्ती आहे. संध्याकाळी वरणफळे करा, काही भागात यांना चकोल्या म्हणतात. पोळीची कणीक लाटून पोरापुढे ठेवा. त्याने पेल्याने, वाटीने, बोटाने हव्या त्या आकाराचे तुकडे करावेत, आणि ते तुम्ही उकळत्या आमटीत सोडावेत. पोराचा खेळ होतो आणि रात्रीचे जेवणही होते. ताटात आपले तुकडे शोधत पोर दोन घास जास्त खाते, हे मी अनेक घरी पाहिले आहे.

आणखी एक सांगायचे आहे, ते बंधूंना. कणकेजवळ बसायला आईच पाहिजे असे कोणी ठरवले? पावसाच्या दिवशी तुम्ही ओसरीवर बसलेलेच असता. बैलाची शिंगे कशी वळतात, वशिंड कुठे येते, हे तुमच्यापेक्षा कोणाला चांगले ठाऊक आहे? पोराला घेऊन बसा. तेवढा वेळ घरच्या लक्ष्मीचे हात मोकळे होतील.

वयाप्रमाणे काम वाटून द्यावे. दोन-तीन वर्षांच्याने गोळा दाबावा, खड्डे पाडावेत. चार-पाच वर्षांच्याने वळावे, कापावे. सहा-सात वर्षांच्याने वाटीने मोजावे. ‘पाऊण वाटी म्हणजे किती?’ असे विचारत मोजायला लावले की अपूर्णांकांची भीती पहिल्यापासूनच जाते. मोडका-तोडका बैल झाला तरी हसू नये, आणि आपण तो पुन्हा नीट करून देऊ नये. त्याचा तो त्यालाच भाजून द्यावा.

हे मात्र सांभाळा

चूल आणि पोर यांत चार हातांचे अंतर असावे. पोराचा पाट भिंतीशी मांडावा. ताटली काढणे-ठेवणे मोठ्यांनीच करावे. गरम वाळूचे पातेले जमिनीवर उघडे ठेवू नये, वाळू तासभर गरम राहते.

कच्चे पीठ खाऊ देऊ नये. पीठ कोरडे आणि स्वच्छ दिसले तरी त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, ते भाजल्यावरच मरतात. ज्या लहानग्याचे हात सारखे तोंडात जातात, त्याला कणकेऐवजी खमंग भाजलेल्या पिठाचा, तूप-गूळ घातलेला लाडवाचा गोळा खेळायला द्यावा. चार-पाच वर्षांखालच्या पोरांसाठी अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे वापरू नयेत, घशात अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

शेतातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पिठाला हात लावू नये. फवारणी केली असेल तर कपडे बदलून, अंघोळ करून मगच स्वयंपाकघरात यावे. औषधाचे मोजमाप, रिकामा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी पिठामिठाला वापरू नये. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा एका फळीवर नको. युरिया साबुदाण्यासारखा दिसतो, त्याचे पोते राहत्या खोलीत नको.

रंगीत बी दळायचे नाही, जनावरांना घालायचे नाही, पोरांना खेळायला द्यायचे नाही. पेरून उरले तर बंद पिशवीत, कुलपात ठेवावे. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. हिरवा म्हणजे निर्धोक असे अनेकांना वाटते, ते चूक आहे. चारही रंगांची औषधे विषारीच, कमीजास्त एवढाच फरक. पोराने असे काही तोंडात घातलेच, तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. तोंड पुसून, पिशवी किंवा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. पिशवीवरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

त्या वाडीवर पुढच्या वर्षी गेलो तेव्हा पिशवी गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवली होती. बी दाखवायला मुठीत मावेल एवढे, काचेच्या बंद बाटलीत नेले होते. ती पोरगी ओसरीवर पाट मांडून बसली होती. पुढ्यात परात होती आणि शेजारी आजी. पोळ्याला अजून दोन महिने होते, पण बैलांची जोडी तयार होती. एकाला तीन पाय होते. तिने तोच मला भाजून दिला. मी तो चहाबरोबर खाल्ला, आणि या वेळी चहा नीट घशाखाली उतरला.

येत्या पावसाच्या झडीत एकदा पातेल्याची भट्टी लावून पाहा. पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू. रामराम.